धोमला लेझर वाऱ्याकडं चढतच नाही, शीड बदलू का?

वाईचा_वारा
नमस्कार मंडळी. धोमच्या बॅकवॉटरला आम्ही तिघंचौघं शिडाच्या होड्या चालवतो. माझी जुनी लेझर (एकट्यानं चालवायची छोटी होडी) आहे, सेकंडहँड, शीड तिच्याबरोबर आलेलंच. वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हटलं की बाकीच्यांची नाकं वर आणि मी आपला आडवा सरकत काठाकडं. त्यात डोंगरावरनं झोत आला की होडी एकदम कलते, मी मेनशीट (शीड ओढायची दोरी) अजून आवळतो, सुकाणू अंगाकडं खेचतो, पण ती पुढं जायच्या ऐवजी जागच्या जागी अडते. डोलकाठीच्या मधापासनं बूमच्या (शिडाखालची आडवी काठी) मागच्या टोकाकडं तिरप्या सुरकुत्या पडतात. एक जण म्हणाला शीड संपलंय, नवीन घे. शिवाय पावसाळ्यात गुंडाळून ठेवलं होतं त्याच्यावर काळे ठिपके आलेत. वजन माझं ६२ किलो. दिवाळीनंतर आपसात एक छोटी रेस ठेवायचीय. काय करू?

कोयनाकाठ
खिशात हात घालू नको अजून. सुरकुत्या पडल्या म्हणून शीड गेलं असं नसतं. व्हँग (बूम खाली धरणारी दोरी) ओढला की डोलकाठी वाकते आणि अगदी तू सांगतोयस तशाच तिरप्या सुरकुत्या येतात, मग कनिंगहॅम (शिडाची पुढची कड ताणणारी दोरी) खाली ओढायचा, त्या जातात. हलक्या वाऱ्यात कनिंगहॅम सोडूनच द्यायचा, तेव्हा पुढच्या कडेला थोड्या आडव्या घड्या दिसल्या तरी दिसू देत.

आणि आवळायची सवय सोड. झोत आला की पहिल्यांदा अंग बाहेर टाक, त्यानं नाही भागलं तर शीट, म्हणजे मेनशीट, थोडी सोड, होडी सपाट झाली की परत घे. कललेली लेझर सुकाणूनं सरळ करायला गेलास तर सुकाणूचं पातं पाण्याला आडवं होतं आणि ब्रेकच लागतो की राव. झोत आधी दिसतो पण, पाण्यावर गडद चट्टा पळत येतो तो बघत जा, बूमकडं काय बघायचंय!

शिडावर पुढच्या बाजूला दोन्हीकडं लोकरीचे दोरे आहेत का? नसतील तर चिकटव. दोन्ही सरळ मागं वाहिले की झकास. वाऱ्याकडचा उडायला लागला तर तू जास्त वर चढतोयस, नाक जरा वाऱ्यापासनं लांब ने नाहीतर शीट घे. पलीकडचा फडफडला तर शीट जास्त आवळलीय, सोड किंवा नाक वर घे. माझ्या अंदाजानं तुझा पलीकडचाच मरत असणार. ट्रॅव्हलरची दोरी (मागं आडवी बांधलेली) मात्र कायम ताठ पाहिजे, ती ढिली असेल तर बाकी काहीही कर, उपयोग नाही.

संगम_सांगली
आमच्याकडं कृष्णेत होड्यांच्या शर्यती असतात त्या वल्ह्यांच्या, नाद खुळा गर्दी होते, पण शिडातलं आपल्याला बेताचंच कळतं 😄 तरी एवढं माहितीय, वारा असला की व्हँग जाम ओढायचा आणि विसरायचा.

कोयनाकाठ
@संगम_सांगली भावा निम्मं बरोबर. वाऱ्याच्या तोंडावर झोतात व्हँग ओढलेलाच पाहिजे, नाहीतर शीट सोडली की बूम वर उचलतो, डोलकाठी सरळ होते, शिडाला पोट येतं आणि होडी अजूनच कलते. पण विसरायचा नाही! वाऱ्याकडचा वरचा बोया (रेसची तरंगती खूण) वळायच्या आधी ढिला करायचा. तसाच ठेवून खाली निघालास तर बूम इतका खाली असतो की जाईब मारताना (पाठीमागनं वारा असताना शीड दुसऱ्या बाजूला नेताना) त्याचं टोक पाण्यात घुसतं, मग पोहायचा कार्यक्रम.

@वाईचा_वारा ६२ किलोला मोठं शीड झोताच्या पाण्यात जडच जाणार. मोठं ७.०६ चौ. मी. आहे, रेडियल म्हणजे छोटं शीड ५.७६. हल (होडीचं अंग) शेम टू शेम, फक्त शीड आणि खालची डोलकाठी बदलते. रेडियलला लहान पोरांचं समजू नको, आपली शिडाच्या होड्यांची खेळाडू नेत्रा कुमानन टोकियो ऑलिंपिकला त्याच्यावरच गेली. पैसे घालायचेच असतील तर तिकडं घाल.

सुई_दोरा_सातारा
ठिपक्यांचं मी सांगतो. ती बुरशी आहे, पॉलिस्टरला खात नाही, त्याच्यावरच्या मळावर वाढते, त्यामुळं ठिपके दिसले तरी ताकद जात नाही. साधा साबण, मऊ ब्रश, भरपूर पाणी, सावलीत वाळवायचं. मशीनमध्ये बिलकुल घालू नका, कापडावरचं रेझिन निघून जातं मग ते जुन्या बेडशीटसारखं लोळागोळा होतं. इस्त्री तर नावच नको. सगळे डाग जाणार नाहीत, राहू देत.

खरं शीड मरतं उन्हानं आणि फडफडण्यानं. किनाऱ्यावर होडी उभी, शीड वर, तासभर फडाफडा चाललंय आणि मंडळी चहा पितायत, हे मी डोळ्यानं बघितलंय अहो! उतरवा ना. शिडातल्या पट्ट्या काढा आणि वरच्या टोकापासनं गुंडाळत या, घडी घालू नका. ओलं पिशवीत ठेवू नका, आपल्याकडचा पावसाळा चांगल्या चांगल्या वस्तूंना बुरशी लावतो. मागच्या कडेची शिवण नखानं खरवडून बघा, दोरा तुटून भुगा पडला तर उन्हानं खाल्लाय. कापड धड असेल तर नुसती परत शिवून घेता येते.

वाईचा_वारा
शिवण बघितली, एका जागी दोरा निघतोय, बाकी घट्ट आहे. ट्रॅव्हलर लोंबतच होता 🙈 रेसचं पण सांगा ना कोणीतरी. दोन लेझर आहेत आणि एक एंटरप्राइज (दोघांची होडी), निकाल कसा लावायचा?

कोयनाकाठ
टाइम लावायचा. प्रत्येकाला लागलेले सेकंद गुणिले १०००, भागिले त्या होडीचा पोर्ट्समथ नंबर (त्या प्रकारच्या होडीचा वेगावरनं ठरलेला आकडा). ज्याचं उत्तर कमी तो जिंकला.

स्टार्टची लाइन वाऱ्याला काटकोनात, इशारे ५ मिनिटं, ४, १ आणि शून्य उरल्यावर, शिट्टी चालेल. नियम निदान हे तरी पाठ करून या, नाहीतर काठावर भांडणं होतील: पोर्ट टॅकवाला (वारा डावीकडनं येणारा) स्टारबोर्डवाल्याला (वारा उजवीकडनं) वाट देतो, एकाच टॅकवर दोघं बाजूबाजूला असतील तर वाऱ्याकडचा खालच्याला देतो, मागनं येणारा पुढच्याला देतो. बोयाला लागलात तर होडीची एक गिरकी, दुसऱ्याला आडवे गेलात तर दोन. स्टार्टला डोंगराच्या आडोशाला लाइन टाकू नका बरं का, तिथं वारा चारी बाजूंनी येतो आणि अर्धे लोक लाइनवरच अडकतात.

लाइफ जॅकेट सगळ्यांना, एक मोटरबोट उभी पाहिजे, आणि धरणाचं पाणी आहे तेव्हा पाटबंधारेवाल्यांना आधी विचारा. मोटरबोटीचं जमत नसेल तर सांग, आमच्याकडनं बघतो.