नोकरी टिकली, पण तब्येत ढासळून राहिली

हिंगण्याचा टर्नर:
कोरोनाच्या मंदीत आमच्या युनिटमधली बरीच कंत्राटी पोरं काढली. आम्ही परमनंटवाले वाचलो. नंतर ऑर्डरी परत आल्या, माणसं काही भरली नाहीत. दोन मशिनी एकट्यानं चालवतो. त्याचंही एवढं नाही, पण उद्याची शिफ्ट कोणती हे रात्री व्हॉट्सॲपवर कळते. सेकंड करून वाडीला घरी पोचतो तर बारा वाजतात, अन् सकाळी सातला पुन्हा फर्स्टला उभं राहा. झोप होत नाही, बीपी निघालं, लेकीवर उगाच चिडतो. ज्यांची नोकरी गेली त्यांचे हाल दिसतात. राहिलेल्यांचं काय? हे मलेच होऊन राहिलं का?

नागपूरच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयातली नर्स:
दादा, तुम्ही एकटे नाही. १९९०च्या सुमारास फिनलंडमध्ये मोठी मंदी आली. तिथल्या दहा शहरांच्या पालिका कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. जिथे मोठी कपात झाली, तिथे नोकरीत राहिलेल्यांमध्ये हृदयविकार-पक्षाघाताचे मृत्यू दुप्पट होते. भार जास्त आणि आपल्या कामावर आपला ताबा नाही, हे दोन्ही एकत्र आलं की माणूस खचतो, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. तुमच्या शिफ्टचं नेमकं तेच आहे. बीपी अंगावर काढू नका. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर नागपुरात सोमवारीपेठ भागातल्या ईएसआय दवाखान्यात जा. डॉक्टरांनी रजा लिहून दिली तर ७० टक्के मजुरी मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. मन फारच अस्वस्थ झालं तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलतात.

बुटीबोरीचा जुना कामगार प्रतिनिधी:
भाऊ, साहेबाकडे एकटा जाऊ नको. पाच-सहा जणांच्या सह्यांचा कागद दे आणि मागणी एकच ठेव: कामाच्या वेळांचा तक्ता आधी लावा. १९४८च्या कारखाने कायद्यापासून तो लावणं बंधनकारक आहे, नव्या कामगार संहितेतही आहे. ओव्हरटाइमचा दुप्पट दरही तसाच. पण सुरुवात तक्त्यापासून कर. त्यात कंपनीचा पैसा जात नाही, म्हणून नाही म्हणणं जड जाते.

हिंगण्याचा टर्नर:
कोरोनाआधी गेटजवळ तक्ता लागायचा! आज रात्रीच कागद लिहितो. उरलेल्या कंत्राटी पोरांच्या सह्या घेऊ का? ते भिऊन आहेत.

बुटीबोरीचा जुना कामगार प्रतिनिधी:
नको. पहिला घाव त्यांच्यावरच पडेल. सह्या तुम्हा परमनंटच्या, पण मागणीत त्यांच्याही पाळ्या लिही.