टोरांटोहून आलेलं टर्नटेबल इथे संथ फिरतंय. फिल निमन्सच्या एलपी नीट ऐकायच्या कशा?

छत्रीबाग (इंदूर)
नातेवाइकांकडून टोरांटोचं बेल्टवालं टर्नटेबल आणि कॅनडातल्या जॅझ क्लॅरिनेटवादक फिल निमन्सच्या दोन एलपी (लांब वाजणाऱ्या तबकड्या) आल्या आहेत: व्हर्व्ह कंपनीची मोनो (एकाच चॅनेलची) 'द कॅनेडियन सीन' आणि सॅकव्हिल कंपनीची 'द अटलांटिक स्वीट' (स्वीट म्हणजे अनेक भागांची सलग रचना). टर्नटेबल १२० व्होल्टचं आहे, म्हणून २३०चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला. वाजतं, पण सगळं जड आणि रेंगाळतं. क्लॅरिनेट बास-क्लॅरिनेटसारखी ऐकू येते. बेल्ट नवा टाकला, फरक नाही. सोबत आलेल्या, वेग तपासायच्या स्ट्रोब-चकतीच्या रेघा मात्र बल्बखाली अगदी स्थिर दिसतात. मग दोष कुठे? शिवाय दोन्ही एलपी संगणकावर उतरवायच्या आहेत. आणि या माणसाचं आणखी काय शोधावं?

सुरसागर (बडोदे)
रेकॉर्डमध्ये दोष नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. कॅनडात वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची. तुमची मोटर सिंक्रोनस असणार. ती हर्ट्झच्या तालावर फिरते. म्हणून ३३⅓ऐवजी सुमारे २७.८ फेरे पडतात. स्वर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त उतरतो, म्हणजे पांढरी एकमधली चीज खालच्या पांढरी सहाच्याही किंचित खाली जाते.

चकतीने फसवलं, त्याचं कारणही हेच. ६० हर्ट्झच्या चकतीवर ३३⅓साठी २१६ रेघा असतात. आपल्या बल्बची लुकलुक सेकंदाला १०० वेळा, त्यामुळे त्या २१६ रेघा नेमक्या २७.८ फेऱ्यांनाच स्थिर दिसतात. १८० रेघांची चकती छापून घ्या आणि साध्या पिवळ्या किंवा निऑनच्या दिव्याखाली पाहा. बऱ्याच एलईडींत ही लुकलुक नसतेच. चकतीशिवायही खात्री होते: लेबलावर कागदाचा कपटा ठेवून तीन मिनिटं फेरे मोजा. १०० हवेत, तुमच्याकडे ८३ भरतील.

उपाय मोटरच्या पुलीत, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या चाकात आहे. त्या कंपनीची ५० हर्ट्झची पुली मिळाली तर सोन्याहून पिवळं. नाहीतर इंदूरच्या पोलोग्राउंडकडच्या एखाद्या चांगल्या खरादवाल्याकडून पितळेची करून घ्या. इथे बहुतेक जण व्यासाला सरळ १.२ने गुणतात आणि चुकतात, कारण बेल्टची जाडीही हिशेबात येते. व्यासात जाडी मिळवा, १.२ने गुणा, मग जाडी वजा करा. पुली १० मि.मी. आणि बेल्ट ०.६ मि.मी. असेल तर १२ नव्हे, १२.१२ मि.मी. हवी. १२ची केली तर वेग जवळजवळ एक टक्का कमी पडेल आणि पियानोशी ताडताना ते कानाला टोचेल. भोक आधी रीमरने मोटरच्या दांड्याच्या मापाचं करायचं आणि बाहेरचा व्यास त्याच भोकावर धरून खरादायचा. नाहीतर पुली लंगडी फिरते आणि क्लॅरिनेटचा लांब धरलेला स्वर थरथरतो. बेल्ट जिथे बसतो तिथे किंचित फुगीर ठेवायला सांगा, म्हणजे तो घसरणार नाही.

छत्रीबाग (इंदूर)
आभार. तोवर आहे तसंच रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरात २० टक्के वेग वाढवला तर चालेल का?

सुरसागर (बडोदे)
सूर जागेवर येईल, पोत येणार नाही. रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त केलेले असतात; फोनो प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र) ते मूळपदावर आणतो. त्याचं हे आरआयएए वळण ५०० आणि २१२२ हर्ट्झवर बेतलेलं असतं. रेकॉर्ड संथ वाजवून मागाहून वेग वाढवला की ती वळणं सुमारे ६०० आणि २५५०वर जाऊन बसतात. खर्ज आणि वरचे स्वर दीडेक डेसिबलपर्यंत पुढे येतात, मधला भाग मागे पडतो. निमन्सची सगळी कारागिरी त्या मधल्या भागात आहे. चाचणीपुरतं करा, जपून ठेवायची प्रत अशी करू नका.

लष्कर (ग्वाल्हेर)
उतरवण्याबद्दल. आधी धुणं: चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिटरला बिनवासाच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्डने दुसरा हात. घरात नाट्यसंगीताच्या लाखेच्या ७८ (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या) असतील तर त्यांना हे मिश्रण अजिबात लावू नका, अल्कोहोलने लाख उतरते. कव्हरातला जुना कागद बुरशीचा वास मारत असेल तर टाकून द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पांढरे ठिपके परत येतात.

व्हर्व्हची मोनो एलपी शक्यतो २५ मायक्रॉनच्या गोल सुईने वाजवा. त्या काळच्या खाचा त्याच मापाच्या. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) असलं तरी दोन्ही चॅनेल रेकॉर्ड करा, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली. नंतर दोन्ही मिळवून मोनो केलं की खरखर साधारण ३ डेसिबलने उतरते. मिळवण्याआधी एखादी 'टक' मोठी करून दोन्ही चॅनेलांत ती एकाच क्षणी आहे का ते बघा. पाच सॅम्पलचा (सेकंदाच्या ९६ हजार नोंदींपैकी पाचांचा) फरक राहिला तर १० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळजवळ पुसला जातो आणि झांजा मुक्या होतात.

टकटक हाताने काढा. सरसकट नॉइज रिडक्शन नको. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकात विषम स्वरांश (मूळ स्वराच्या ३, ५, ७ पट कंपनांचे) ठळक आणि सम फिके असतात, तिचा पोकळ गोडवा त्यातूनच येतो. सॉफ्टवेअर नेमकं ते फिकं आणि फुंकेचा आवाज खातं. बाजूच्या शेवटच्या तुकड्यात क्लॅरिनेट फाटत असेल तर आधी प्रोट्रॅक्टरने (कोन जुळवायच्या पट्टीने) कार्ट्रिज जुळवा: खाच सुईखालून बाहेरच्या कडेला सेकंदाला ५१ सें.मी. सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २१, म्हणून तिथे चूक लपत नाही.

नवी पेठ (इंदूर)
काय शोधावं ते सांगतो. निमन्स १९२३मध्ये कॅनडातल्या कॅमलूप्सला जन्मले, २०२४मध्ये शंभरीत गेले. क्लॅरिनेट न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतशाळेत शिकले, रचना टोरांटोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत. बँड १९५३चा, पुढे 'निमन्स अँड नाइन', १९६५पासून आणखी सहा वादक. इतकं मोठं काम झाकून राहिलं, कारण बराचसा वाजवलेला माल सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओसाठी होता आणि तो दुकानात येत नसे. शिवाय १९६०मध्ये पियानोवादक ऑस्कर पीटरसन आणि बासवादक रे ब्राउन यांच्यासोबत त्यांनी टोरांटोत संगीतशाळा काढली, नंतर विद्यापीठात शिकवलं. एलपी त्या मानाने थोड्याच.

'कॅनेडियन सीन'मध्ये व्हिक सेंट्रोचं अकॉर्डियन ऐका. ते सॅक्सोफोनांच्या मध्ये असं बसतं की आधी तो वेगळा बाजा वाटतच नाही. एड बिकर्टची गिटारही तशीच, अंगचोर आणि अचूक. मग 'टेक टेन' शोधा, आरसीए कंपनीची. 'अटलांटिक स्वीट' १९७४ची, चार भागांची. कॅनडाच्या जूनो संगीत पुरस्कारांतला जॅझसाठीचा पहिला पुरस्कार १९७७मध्ये हिलाच मिळाला. माझ्या मते त्यांचं सर्वांत भरदार लेखन हेच, आणि ते एका बैठकीत सलग ऐकायला हवं. सॅकव्हिलनेच ती पुढे सीडीवर काढली, सोबत 'स्वीट पी. ई. आय.' आहे. नवी पुली बसवल्यावर त्या सीडीशी आपली एलपी ताडून पाहा: दोन्हींतला एकच लांब स्वर ट्यूनरवर घ्या. दहा सेंटहून (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) जास्त फरक आला तर पुलीचा व्यास पुन्हा मोजा.