बीपी-शुगरच्या गोळ्या: लोकांना विचारून दवाखाना बसवायचा कसा?

प्रश्न: उपकेंद्रवाली, जत

जत तालुक्याच्या पूर्व भागात एका उपकेंद्रावर मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. नर्सिंग शिकले, रजिस्टरं भरायला शिकले. लोकांना बरोबर घेऊन सेवा कशी ठरवायची, हे मात्र कुणी शिकवलं नाही. तिशीवरच्यांची तपासणी झाली, यादी तयार आहे. पहिल्या महिन्यात गोळ्या न्यायला झुंबड, तिसऱ्या महिन्यात निम्मे गायब.

म्हणून ग्रामपंचायतीत बैठक लावली. "तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारलं. पुढच्या खुर्च्यांवरून उत्तरं आली: अँब्युलन्स, एमबीबीएस डॉक्टर, आवाराला भिंत. ज्यांच्यासाठी खटाटोप केला त्या बायका मागं भिंतीला टेकून बसल्या आणि चहा झाल्यावर उठल्या. त्यातल्या कितीतरी जणी घरात कानडी बोलतात आणि मी "जीवनशैली"वर प्रवचन देत होते. इतिवृत्त तेवढं झकास झालं.

इंग्लंडमधल्या ल्यूटनच्या रुग्णालयाबद्दल वाचलं. तिथं डोके-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांचे अनुभव चित्रित केले, मग रुग्ण आणि कर्मचारी एकत्र बसले आणि काय बदलायचं ते दोघांनी मिळून ठरवलं. आपल्याकडं कसं जमवायचं?

निवृत्त सिस्टर, वडूज

बाळ, बैठकीत खरं बोलत नाहीत. एका बाईबरोबर पहाटेपासून चाल, तिची गोळी कुठं चुकते ते दिसेल.

आणि एक. 2007 साली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, आधी पाच जिल्ह्यांत. गावानं आरोग्य केंद्राला हिरवा-पिवळा-लाल शेरा द्यायचा, मग जनसुनवाई. चांगलंच काम. पण जनसुनवाईत डॉक्टर आरोपीसारखा उभा राहतो आणि जे झालं त्याचा हिशेब होतो. तुला तर अजून व्हायचंय ते ठरवायचंय. दोन्हीची गल्लत करू नकोस.

सांगलीकर

ल्यूटनपर्यंत कशाला जायचं? आपल्या सांगलीत 'संग्राम' संस्थेचं एचआयव्ही रोखायचं काम 1992 पासून आहे. कंडोम वाटायचं काम धंदा करणाऱ्या बायकांनीच हातात घेतलं. 1996 साली त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. कुठल्या गल्लीत कधी जायचं, गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काय म्हणायचं, हे बाहेरच्या कार्यकर्त्याला काय कळणार?

बीपीवाला, तासगाव

मी द्राक्षबागेत मजुरीला जातो. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की दवाखान्याला गेलं म्हणजे हजेरी बुडाली. "नियमित या" म्हणणाऱ्यांनी तेवढे पैसे द्यावेत, मग बघू.

उपकेंद्रवाली, जत

सिस्टर, ऐकलं तुमचं. एका मावशींच्या घरी सकाळी साडेपाचला गेले, आशाताई दुभाषी म्हणून बरोबर. मावशी सातला मुकादमाच्या पिकअपमध्ये बसतात, मी नऊला कुलूप काढते. गोळ्या त्यांच्या आणि सासूच्या एकाच डब्यात. कोणती कुणाची हे पाकिटाच्या रंगावरून ओळखायचं. मागच्या खेपेला कंपनी बदलली, रंग बदलला, म्हणून त्यांनी "नको ती गुळगी" म्हणून बंदच केली! माझ्या रजिस्टरात मात्र त्या 'अनियमित'.

मग चौघींना त्यांच्याच ओट्यावर बसवलं. मी सूर्य-चंद्राची चित्रं काढलेलं कार्ड नेलं होतं, फार अभिमानानं. एकीनं विचारलं, "हा सूर्य सकाळचा का दुपारचा?" कार्ड परत पिशवीत. त्यांनीच सांगितलं, दोन कापडी पिशव्या शिवा, लाल माझी, हिरवी सासूची, भाकरीच्या टोपल्याशेजारच्या खिळ्याला अडकवायच्या. भाकरी मोडली की हात तिकडं जातो. गोळ्या बाजारच्या दिवशी संध्याकाळी द्यायच्या, त्या दिवशी सगळ्याच गावात असतात. दोन महिन्यांच्या एकदम द्या म्हणाल्या, तिथं मी अडले, तो निर्णय माझ्या हातात नाही. तसं सांगितलं. एक म्हणाली, "मग वरच्या डॉक्टरला पण एकदा साडेपाचला आण."

वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारलंय. बुधवारी येतो म्हणालेत.

तासगावकर, तुमच्या हजेरीचं उत्तर अजून माझ्याकडं नाही. मुकादमाशी बोलून बघू का? कुणी बोललंय का कधी?