इंदूरच्या घरात मोठे फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभे राहणारे स्पीकर) घ्यायचेत, ऐकताना नेमकं काय तपासायचं?

खर्ज_ऐकणारा:
नमस्कार मंडळी. राजेंद्रनगरला वरच्या मजल्यावरची १४ बाय १२ ची खोली फक्त गाणं ऐकायला मोकळी केलीये, उंची १० फूट, विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली ग्रॅनाइट. ऐकणं बहुतेक शास्त्रीयच, त्यातही अमीर खाँसाहेब, म्हणजे मंद्रातली ती संथ आलापी आणि झुमऱ्याचा ठेका. केईएफ रेफरन्स ३ मेटा आणि बोवर्स अँड विल्किन्सचे ८०४ डी४ यांच्यात अडकलोय. मुंबईला दोन्ही ऐकले, दोन्ही मस्त वाटले, पण तिथली खोली मोठी, गालिचे, जाड पडदे, आणि लावलं काय तर जॅझ. एवढे पैसे घालायचे तर नुसतं मस्त वाटलं यावर कसं ठरवू?

काळी_एक:
दादा, जॅझवर ठरवूच नका, तानपुऱ्यावर ठरवा. आपल्या रेकॉर्डिंगा न्या आणि सुरुवातीचा नुसता तानपुरा सुरू असतो ना तेवढाच भाग शांतपणे ऐका, जवारी (तारेची झणझण) मोकळी येते का, चारही तारा वेगळ्या कळतात का, का सगळं मिळून एक गुणगुण होते. मग डग्ग्याची मींड, ती घसरत जाताना प्रत्येक सुराला सारखं वजन पाहिजे, मध्येच एखादा सूर फुगला की समजायचं. आणि आवाज मोजून सारखा करायला लावा, फोनवरचं साधं मीटर चालेल, कारण जो स्पीकर जरासा जरी मोठा वाजतो तो कानाला उगाच चांगला वाटतो, हे फार लोक विसरतात. १९६० च्या सुमाराच्या रेकॉर्डिंगांत टेपची सरसर असते, माझ्या कानाला ८०४ चा वरचा भाग थोडा पुढे येतो त्यामुळे ती सरसरही पुढे येते. नव्या रेकॉर्डिंगवर तोच स्पीकर फार सुंदर लागतो.

विटामातीचा_माणूस:
वरचं सगळं पटलं पण खरी गोष्ट खोलीची आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्यावरून १४ फुटांचा अनुनाद (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो) साधारण ४० हर्ट्झला येतो, १२ चा ४७ ला, १० चा ५६ ला. त्यात १४ आणि १० मिळून एक तिरका अनुनाद ६९ ला पडतो, आणि पुरुष गायकाची पट्टी काळी एक (पेटीवरची पहिली काळी) धरली तर तानपुऱ्याचा खर्ज नेमका ६९ वर! म्हणजे तुमच्या खोलीत खर्जच घुमणार, मग स्पीकर कुठलाही आणा. परदेशी परीक्षणं वाचताना हेही धरा की तिकडे बऱ्याच घरांत लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या भिंती असतात, त्यांतून खालचा आवाज बाहेर निसटतो, आपल्याकडे वीट आणि स्लॅब सगळं आत कोंडून ठेवतात.

दुसरं, वूफर (स्पीकरचा खालचे सूर देणारा भाग) मागच्या भिंतीपासून २ फुटांवर आला तर भिंतीवरून परतलेला आवाज १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खाऊन टाकतो, आणि काळी एकचा मध्य षड्ज १३८ चा. म्हणजे खर्ज फुगलेला आणि गवयाचा सा पोकळ. वूफर साडेतीन फुटांवर आणला की तो खड्डा ८० कडे सरकतो. तेव्हा आधी तेवढी जागा सोडता येते का बघा. रेफरन्ससोबत मागच्या पोर्टच्या (खालचा आवाज बाहेर सोडणाऱ्या भोकाच्या) दोन लांब्यांच्या नळ्या येतात, खोलीप्रमाणे बदलता येतात, तुमच्यासाठी मी तेवढ्यासाठीच तो वर ठेवीन.

खर्ज_ऐकणारा:
बाप रे, माझ्या मनात स्पीकर भिंतीला लावूनच होते. साडेतीन फूट सोडता येतील, मधलं टेबल हलवतो. सध्याचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) ८ ओहमला ६० वॉटचा आहे, चालेल का?

काळी_एक:
८०४ वर ८ ओहम लिहिलंय खरं, पण कंपनीच्याच कागदावर सगळ्यात खाली तो ३ ओहमपर्यंत उतरतो असं आहे (ओहम कमी तेवढा ॲम्पवर भार जास्त), रेफरन्सही सोपा नाही. नुसते वॉट बघू नका, ४ ओहमला ॲम्प जवळजवळ दुप्पट देतो का ते बघा. हळू आवाजात तुमचा चालेलही, पण डेमोला तोच घेऊन जा, शोरूमच्या भारी ॲम्पवर ऐकून काय उपयोग.

विटामातीचा_माणूस:
आणि मोजमापं बघाच. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले, तेव्हा समोरून सपाट आणि बाजूनेही सुरळीत मोजले जाणारेच बहुतेकांना आवडले. ग्रॅनाइटवर बाजूचा आवाज फार उसळतो म्हणून तुम्हाला हे जास्तच लागू. स्पीकर आणि खुर्चीच्या मधे जाड सतरंजी किंवा गालिचा, कोपऱ्यांत खडकलोकरीचे चांगले जाड बेस ट्रॅप (खालचा आवाज शोषणारे गठ्ठे), यासाठी बजेटमधून पैसे आत्ताच बाजूला काढा. खोली मोजायचं सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड फुकट मिळतं, मोजायचा यूएसबी माइक माझ्याकडे आहे, मी सुदामानगरलाच राहतो, रविवारी सकाळी घेऊन येतो. स्पीकर यायच्या आधी खोली मोजून ठेवू.

खर्ज_ऐकणारा:
नक्की या भाऊ, जुने बुकशेल्फ (छोटे) स्पीकर लावूनच मोजू. आणि विक्रेत्याला आजच फोन करतो, घरी आठवडाभर ठेवायला देणार असेल तरच पुढचं बोलणं.