मे महिन्यात जावा घेऊन कोल्हापूर-पुणे: चालवत न्यावी की टेम्पोत टाकावी?

गंगावेस_जावा

राम राम मंडळी. पुण्यात मे महिन्यात जुन्या मोटारसायकलींचं प्रदर्शन आहे, रविवारी. आम्ही चौघं शनिवारीच निघायचं म्हणतोय. माझी १९६९ ची जावा २५०, वडिलांकडून आलेली. शाळासोबत्याची येझदी रोडकिंग, त्याच्या मेव्हण्याची राजदूत १७५ आणि एक बुलेट, उजव्या पायाच्या गिअरची.

बुलेटवाला म्हणतोय, चार तासांत कात्रज. राजदूतवाला म्हणतोय, छोटा हत्ती करू, गाड्या बांधू आणि आपण मागनं एसी लावून कारमधनं जाऊ. मला ते अजिबात पटत नाही. टेम्पोतनं उतरवलेली जावा म्हणजे वरातीत रिक्षातनं आलेला नवरदेव!

गाडीचं रिबोर, म्हणजे सिलिंडर कापून नवा पिस्टन, उद्यमनगरात करून घेतलंय, नव्या पिस्टनचं रनिंग-इनही झालंय. पन्हाळा, जोतिबा बिनतक्रार होतंय. पण मेच्या उन्हात सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर म्हटल्यावर पोटात गोळा येतोय. कुणी नेली असेल त्यांनी सांगा. ‘करा की, काय होत नाही’ असं सांगणारे घरातच भरपूर आहेत.

लेथवाले_काका

बाळा, गाडी जाईल. पार्टची पिशवी किती मोठी ह्याच्यापेक्षा किती वाजता निघतोस आणि किती वेगानं जातोस ह्यावर सगळं हाय. पहाटे पाचला कावळा नाका सोडायचा. वळचणीला ऊन यायच्या आत सातारा मागं पडला पाहिजे. चाळीस अंशात जावासारखी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलात तेल मिसळून चालणारी गाडी पळवायची म्हणजे पिस्टन अडकायला आमंत्रण.

वेग पन्नास-पंचावन्न. एकसारखं थ्रॉटल धरून बसू नको, अधनंमधनं सोड, परत दे. आवाज बारीक झाला, ओढ कमी झाली असं वाटलं की लगेच क्लच दाब आणि डाव्या अंगाला घे. गार होऊ दे आपोआप. घाईनं सिलिंडरवर पाणी ओतणारे लई बघितलेत, सिलिंडरची फिन, म्हणजे गार करणारी पट्टी, तडकते.

आता उताराचं. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतंय. तू थ्रॉटल मिटवून उतारावर सोडलीस की इंजिन जोरात फिरतंय आणि तेल मात्र येत न्हाई. पोरं म्हणतात, उतारावर इंजिन कसं काय सीझ झालं, पिस्टन कसा अडकला? तिथंच होतंय. मधनंमधनं थोडी रेस देत उतर.

मिक्स तुझं तू कर. लिटरला चाळीस मिलीच्या हिशेबानं ऑइल बाटलीत मोजून घे, पंपावर सुटं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिळेल ह्या भरवशावर जाऊ नको. इग्निशनचा कंडेन्सर एक जादा घे. गाडी तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, असं झालं तर आधी तो बदल, मगच कार्ब्युरेटर उघड. ठिणगी देणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.४ मिमी, तो मोजायचं फीलर गेज खिशात पाहिजे. क्लचची जादा केबल जुन्या केबलशेजारीच टेप लावून ओढून ठेव, हायवेवर टाकी उतरवत बसायला नको.

आणि सोळा इंचाची ट्यूब. ती घेच. वाटेत पंक्चरवाला भेटेल, ट्यूब भेटणार न्हाई.

कात्रजकर

मी पुण्यात, येझदी आहे. काकांच्या म्हणण्यात रस्त्याची भर घालतो. सातारा-कागल रुंदीकरणामुळे कुठे डायव्हर्जन, कुठे धूळ; अंधारात त्या पट्ट्यात जावाच्या सहा व्होल्टच्या दिव्यावर विसंबू नका. ज्याचा मागचा दिवा सगळ्यात ठळक, तो शेवटी ठेवा. बहुतेक बुलेटच.

पुण्याच्या तोंडाशी मात्र नीट लक्ष द्या. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलात की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे, ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन मोठे अपघात झालेत तिथे. तुमच्याकडे चारही गाड्यांना ड्रम ब्रेक आणि टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावालाच. मी तिकडून जातच नाही. जुन्या कात्रज घाटातून या. वळणं आहेत, पण वेग आपल्या हातात राहतो.

येताना, म्हणजे पुण्याकडे, खंबाटकीला बोगदा आहे, चढाचा त्रास नाही. परतताना जुन्या खंबाटकी घाटानं गेलात तर सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूने चढायचंय. प्रदर्शन आटपून रविवारी दुपारी निघालात तर राजदूत तिथे नक्की रुसणार. सोमवारी पहाटे निघा.

गंगावेस_जावा

काका, उतारावरचं तेलाचं गणित आत्ता कुठं डोक्यात शिरलं. कंडेन्सर आणि केबल आजच आणतो. कात्रजकर, जुना घाट पक्का.

अजून एक. एकानं घाबरवलंय की जुन्या गाडीला आता विंटेज नोंदणी लागते, नाहीतर रस्त्यात धरतात. खरं काय?

आरटीओच्या_रांगेत

घाबरू नका. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडी हवी, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ येतं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तुम्ही रोज संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर मारणारे. जुना नंबर चालू आहे ना? फेरनोंदणी, विमा, पीयूसी जागेवर असेल तर आहे तेच बरं. रोडकिंग तर १९७८ ला बाजारात आली, तिचा प्रश्नच नाही.

माझी काळजी पेट्रोलची. आता ई-२० मिळतं, वीस टक्के इथेनॉल. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल कॉकमधली सीलं त्यानं फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून महिना-महिना टाकी भरून ठेवू नका. निघायच्या आधी पाइप नवा टाका, कॉक उघडून बघा. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच जावाचं रबर खातंय, तक्रार कुणाकडं करायची!

लेथवाले_काका

पाइप घेताना इथेनॉलला चालणारा माग, साधा पारदर्शक नको, चार दिवसांत दगड होतोय. आणि टायर बघा. कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक हाय म्हणून दहा वर्षांचा टायर घालून कुणी हायवेला येऊ नका. राजदूतचा मला संशय हाय.

गंगावेस_जावा

काका, तुमचा संशय खरा. राजदूतचा मागचा टायर मुंबईत लोकल फुटबोर्डवर लटकणाऱ्यासारखा नशिबावर चाललाय असं म्हणणार होतो, पण त्यावर २०११ चा शिक्का निघाला आणि मेव्हण्यानं गुपचूप नवे दोन्ही मागवले. टेम्पोचा विषय तिथंच संपला.

ठरलं असं: पाचला कावळा नाका, राजदूत सगळ्यात पुढं. तिला मागं टाकायचं नाही, हे बुलेटवाल्याकडून चारचौघांत कबूल करून घेतलंय. पहिला चहा कराडला. कात्रजकर, जुना घाट उतरल्यावर चार गाड्या सावलीत लावता येतील अशी जागा सांगून ठेवा. ड्रम गार होईपर्यंत तुमची येझदीपण बघू.

कात्रजकर

सर्पोद्यानाच्या अलीकडे थांबा आणि फोन लावा. येझदी घेऊन मीच येतो, पण तिला किक मी मारणार. ती परक्याच्या पायाला उलटी मारते.