धूमकेतूंचे पाणी आणि सूर्यमालेचा जन्म

प्रश्न : पृथ्वीवरचे पाणी धूमकेतूंनी आणले, असे आपण वाचत आलो; एका धूमकेतूभोवती फिरून त्याचा अभ्यास केलेल्या रोझेटा या युरोपीय यानाच्या मोजमापांनंतर हे मत टिकते का?

प्रतिसाद १ : सरसकट टिकत नाही. बर्फ जितक्या थंड जागी तयार होतो, तितके त्यातील ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, प्रमाण सहसा वाढते, आणि म्हणूनच ते त्या बर्फाच्या जन्मस्थानाची खूण ठरते. २०१४ मध्ये रोझेटाला ६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूच्या वाफेत हे प्रमाण आपल्या महासागरांच्या तिपटीहून अधिक आढळले. मात्र हार्टली-२ या धूमकेतूत, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्शेल दुर्बिणीच्या निरीक्षणांनुसार, ते जवळजवळ महासागरांइतकेच होते. त्यामुळे एका धूमकेतूवरून सर्वांचा निवाडा करणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद २ : मला धूळ अधिक बोलकी वाटते. स्टारडस्ट यानाने विल्ट-२ धूमकेतूचे कण २००६ मध्ये पृथ्वीवर आणले, तेव्हा त्यांत हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानातच घडणारी खनिजे सापडली. सूर्याजवळच्या उष्णतेत घडलेले कण बाहेरच्या गोठलेल्या प्रदेशापर्यंत पोहोचले, याचा अर्थ सूर्यमाला वायू आणि धुळीच्या ज्या तबकडीतून घडली तिच्यात पदार्थांची दूरवर सरमिसळ होत होती. हा निष्कर्ष खरोखर थक्क करणारा आहे.

प्रतिसाद ३ : ६७पीभोवती ग्लायसीन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) आणि सजीवांना आवश्यक असलेला फॉस्फरसही आढळला, हे येथे नोंदवावेसे वाटते. पाण्याचा मोठा वाटा लघुग्रहांकडून आला असला, तरी सेंद्रिय द्रव्यांच्या बाबतीत धूमकेतूंचा विचार करावाच लागेल.