उंदराच्या शेपटीचं कोलॅजन प्लेटला लावायचं का? मत सांगा

कपाशीवाली, दारव्हा: एमेस्सीचं प्रोजेक्ट सुरू आहे माझं, पेशी वाढवायचं. कोलॅजनच्या, म्हणजे पेशी चिकटायला लावतात त्या प्रथिनाच्या, बाटलीवर लिहिलं होतं, उंदराच्या शेपटीतलं. शेपटीतले पांढरे कंडरे पातळ ॲसिटिक ॲसिडमधी विरघळवतात, ते पेशी वाढवायच्या प्लास्टिकच्या प्लेटला तासभर लावून धुवायचं की पेशी धरून बसतात. आई माळकरी, तिला सांगितलं तर ताटावरून उठली. माझं म्हणणं, गरज नाही तिथं वापरू नये. हेला पेशी (माणसाच्या कॅन्सरच्या, लॅबमधी वाढवतात त्या) प्लेटच्या साध्या प्लास्टिकवरही मस्त चिकटतात, तरी आमच्याकडं सरसकट कोटिंग मारतात, सवय म्हणून!

फार्मसीवाला_यवतमाळ: हेलाचं पटलं ताई. पण 2017 ले आपल्याकडं फवारणी करता करता शेतकरी मेले, ते विष यकृताले काय करते हे पाहाचं तर यकृताच्या पेशी लागतात, अन् त्या नुसत्या प्लास्टिकवर काही दिवसांत आपलं कामच विसरतात. कोलॅजनच्या दोन थरायमधी ठेवल्या तर लय टिकतात. अन् लागते किती? चौरस सेंटिमीटरले 5 मायक्रोग्रॅम धरा, 1 मिलिग्रॅममधी सहा खणांच्या तीन प्लेटा होतात. जित्या उंदराले विष पाजण्यापरीस हे बरं नाही का?

बैलजोडी_भंडारा: थोडंच लागते म्हणून चालते, हे मले पटत नाही. गायीच्या कातड्याचंबी काढतात. आपल्या राज्यात 2015 पासून बैल कापाले बंदी, अन् बाटलीत भरून आलं की कोणी विचारतच नाही. आमच्या मामा तलावातल्या (जुन्या मालगुजारी तलावातल्या) माशायचे खवले उकिरड्यावर जातात, त्यातून काढा ना.

फार्मसीवाला_यवतमाळ: दादा, माशाचं कोलॅजन कमी गरमीत मोडते, थंड पाण्यातल्या माशाचं तर लयच लवकर, अन् पेशी ठेवाच्या 37 अंशाले. तलावातल्या माशाचं थोडं जास्त टिकते, त्यावर काम व्हाले पाह्यजे हे मात्र खरं बोलले. पण ताई, तुमच्या मीडियममधी, पेशीयच्या खाद्याच्या पाण्यात, 10 टक्के सीरम असेल, ते गायीच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचं. त्यावर काऊन नाही बोलत?

कपाशीवाली, दारव्हा: बरोबर पकडलं, ते मलाही सलते, रात्री झोप नाही लागली वाचून. मेंदूच्या चेतापेशींना पॉलिलायसिनचं कोटिंग चालते, ते जनावराशिवाय बनते. यीस्टमधून बनवलेलं माणसाचं कोलॅजनही मिळते पण महाग, आमच्या बजेटात बसत नाही. यकृताच्या पेशींसाठी तुमचं मान्य, तिथं मी हट्ट नाही धरणार. हेलासाठी मात्र सोमवारी तीन खण कोटिंगचे आन् तीन बिनकोटिंगचे लावते, मोजून आकडे सरांच्या टेबलावर ठेवते.

बैलजोडी_भंडारा: आकडे इथंबी टाक बाई, अन् आईले आधी सांग.